इलेक्ट्रिक रंधा: साफसफाई, पाती बसवणं आणि बोटं शाबूत ठेवणं

भुसाभाऊ (सातारा)

नमस्कार मंडळी. सुतारकामाच्या गप्पांत रंध्याची विचारणा वरचेवर होते आणि दर वेळी उत्तर चार ओळींत आटोपतं, म्हणून हा वेगळा धागा. विषय एकच: हातात धरायचा ८२ मिलिमीटरचा इलेक्ट्रिक रंधा. करवत, राउटर यांचं काय ते खाली प्रतिसादांत निघेलच.

रंधाच का? करवतीचं पातं डोळ्यांसमोर गरगरतं, त्यामुळे माणूस आपसूक बिचकून असतो. रंध्याची पाती पोटाखाली असतात. दिसत नाहीत म्हणून त्यांचं भय नाही. ड्रम मिनिटाला साधारण १६ हजार फेरे घेतो, त्यावर दोन पाती, म्हणजे सेकंदाला पाचशेच्या वर घाव. बटण सोडल्यावरही ड्रम काही सेकंद फिरत राहतो. आवाज खाली आला की लोकांना वाटतं थांबला, आणि रंधा उलटा करून बघतात. माझ्या ओळखीतल्या ज्या सुतारांची बोटं गेलीत, त्यातले बहुतेक लाकूड तासताना जायबंदी झालेले नाहीत. ढलप्या तुंबल्या म्हणून तोंडात बोट घातलं आणि गेलं. म्हणजे काम करताना नाही, साफ करताना.

म्हणून पहिली गोष्ट पिन. रंध्याचं बटण बंद केलं हे पुरेसं नाही, बोर्डाचं बटण बंद केलं हेही पुरेसं नाही. पिन सॉकेटातून बाहेर काढून रंध्याशेजारी, आपल्या डोळ्यांसमोर ठेवायची. साइटवर एका बोर्डाला तीन वायरी लोंबत असतात, कुणीतरी पोरगं येतं, "काका, ही पिन निघाली होती" म्हणतं आणि खुपसतं. बॅटरीचा रंधा असेल तर बॅटरी काढून बाजूला.

आता सफाई. रोज संध्याकाळी पिशवी रिकामी करायची. ढलप्यांचं तोंड तुंबलं असेल तर लाकडाची बारीक कामटी घालून मोकळं करायचं. स्क्रूड्रायव्हर नको, धारेला लागला की धार गेली. मोटरच्या जाळीवर जुना रंगाचा ब्रश फिरवायचा. कॉम्प्रेसर असेल तर हवा मारा, पण दाब ३० पीएसआयच्या वर नको, म्हणजे दोन बारच्या आसपास. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच. हवेचा झोत जाळीतून सरळ आत कोंबला तर बारीक भुसा बेअरिंगपर्यंत जातो, म्हणून तिरका मारायचा. त्याच हवेने अंगावरचे कपडे झटकायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ती सोडा. दाबाची हवा कातडीतून आत शिरू शकते, डोळ्याकानाचं तर विचारूच नका.

पात्यांवर राळ चढते. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन तासणाऱ्यांना हे सांगायला नको, तपकिरी चिकट थर बसतो आणि पातं बोथट झालं असं वाटायला लागतं. धार लावायला पळू नका, आधी धुवा. पाती काढायची, कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड आणि चमचाभर खायचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं भिजवायची, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायची. मग लगेच कोरडी करून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात. कार्बाइडच्या पात्यांना कॉस्टिक किंवा ओव्हन साफ करायचे तीव्र क्लीनर लावू नका. कार्बाइडचे कण ज्या कोबाल्टने धरून ठेवलेले असतात, त्यालाच ते खातात. पातं चकचकीत दिसतं आणि धारेचे टवके उडायला लागतात.

पाती परत बसवणं हे खरं कसबाचं काम. रंध्याचा पुढचा तळ वरखाली होतो, मागचा तळ पक्का असतो. दोन्ही पात्यांची धार मागच्या तळाच्या बरोबर पातळीत यायला पाहिजे. मागच्या तळावर सरळ लाकडी पट्टी धरायची आणि मोटरवरून ड्रम फिरवणाऱ्या पट्ट्याकडून हाताने ड्रम फिरवायचा, ड्रमला बोट न लावता. पातं पट्टीला जेमतेम घासून गेलं पाहिजे. डावीकडे जसं, उजवीकडे तसंच. पहिलं जसं, दुसरं तसंच. एक पातं जरासं वर राहिलं तर सगळं काम तेच करतं, लाकडावर लाटा उठतात आणि रंधा हाताला मुंग्या आणतो. बोल्ट एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नको. सगळे थोडे थोडे, मग परत सगळे. पाती नेहमी जोडीने बदलायची. एक नवं, एक जुनं बसवलं तर ड्रमचा तोल जातो.

नव्या प्रकारच्या दुधारी कार्बाइड पात्यांना मागे खाच असते, ती सरकवून बसतात, तिथे ही कसरत बरीच कमी. तरी पट्टी लावून बघा.

मग पिन लावून, रंधा अंगापासून लांब धरून, अर्धा मिनिट रिकामा चालवायचा. थरथर वाटली तर बंद, पिन बाहेर, परत बघा.

तळाला मेणबत्ती घासा. रंधा लाकडावर अलगद पळतो. सिलिकॉनचा स्प्रे नको, का ते मिरजेचं कुणी इथं असेल तर सांगेलच.

---

अजिंक्यतारा_७७

भाऊ, झकास धागा. मी हौशी माणूस, गच्चीवर काम करतो. दोन शंका. माझ्या रंध्याच्या मागच्या जाळीतून ठिणग्या दिसतात, रात्री तर स्पष्ट दिसतात. घाबरायचं का? आणि बेअरिंगला तेल कुठून सोडायचं? भोकच सापडत नाही.

---

वायरमन_मिरज

तेलाचं भोक नाही म्हणून देवाचे आभार माना. आतली बेअरिंग सीलबंद असतात, ग्रीस कारखान्यातच भरलेलं. जाळीतून तेल सोडलं की ते बेअरिंगला न जाता कॉम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर जातं, त्यावर भुसा बसतो आणि त्याची पेस्ट होते. असे रंधे माझ्या टेबलावर वरचेवर येतात. बेअरिंग आवाज करायला लागलं, शीळ घातल्यासारखं वाजायला लागलं, की बदलायचं. त्यावर नंबर असतो, ६०८, ६००० असा काहीतरी. ६०८ म्हणजे आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिलिमीटर. घेताना रबरी सीलचं मागा, त्यावर २आरएस लिहिलेलं असतं. पत्र्याच्या झाकणाचं, झेडझेडवालं, भुशाच्या कामात लवकर जातं.

आता ठिणग्या. कार्बन (मोटरला वीज पोचवणारा छोटा ठोकळा) जिथे कॉम्युटेटरवर टेकतो तिथे बारीक निळसर ठिणग्या असतातच, तेवढ्या चालतील. कॉम्युटेटरभोवती गोल आगीचं कडं दिसायला लागलं तर लगेच बंद करा. आधी कार्बन काढून बघायचे. त्यांच्यावर मर्यादेची रेघ असते. रेघ दिसत नसेल तर पाच-सहा मिलिमीटरच्या खाली गेले की बदलायचे, आणि दोन्ही एकदम. जुनेच परत घालणार असाल तर जसे निघाले त्याच बाजूने, त्याच तोंडाने घाला, कारण त्यांना कॉम्युटेटरची गोलाई आलेली असते. नवे घातल्यावर काही मिनिटं रिकामा चालवा, मग लाकडाला लावा.

कॉम्युटेटर काळा पडला तर कोरड्या सुती फडक्याने पुसा. एमरी पेपर अजिबात नको. त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटीत बसतात आणि पट्ट्या आपसात जुळतात. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, गेलं समजा.

कार्बन नवे आणि तरी आगीचं कडं, तर आर्मेचरच्या पट्ट्या वरखाली झाल्यात किंवा वायंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळतंय. मग ते घरचं काम नाही.

---

सौ_पटाशी (विश्रामबाग)

मी लाकडी खेळणी करते, घरातच, मागच्या व्हरांड्यात. हातमोजे घालावेत की नाही यावर नवरा आणि मी रोज भांडतो. तो म्हणतो घालायचेच.

---

भुसाभाऊ

ताई, पाती हाताळताना, धुताना, काढताना जाड हातमोजे जरूर घाला. मशीन चालू असताना काढून ठेवा. फिरणाऱ्या ड्रमने मोज्याचं टोक धरलं तर मोजा एकटा जात नाही. तोच नियम ओढणीला, सैल बाहीला, बांगड्यांना आणि मनगटातल्या गंडादोऱ्याला. राखी पौर्णिमेनंतर महिनाभर मनगटावर गोंडे मिरवणारे कारागीर बघितले की मला धडकी भरते. बहिणीला वाईट वाटणार नाही, कामापुरती काढा.

---

माणदेशी

रंध्याचं समदं पटलं. पर आमच्याकडं रंधा कमी आन मार्बल कटर जास्त. प्लायला भोक पाडायचं, खालनं कटर उलटा बसवायचा, वर लाकडाचं चार इंची पातं, झाला टेबल सॉ. बटणाला टेप गुंडाळायची म्हंजी हात मोकळा. खटाव-माणात निम्मी दारं-खिडक्या ह्याच्यावरच झाल्यात. त्याची सफाई कशी करायची ते सांगा की.

---

सेफ्टीवाला (कुपवाड)

सफाई नका करू, मोडीत काढा. हे मी चेष्टेने म्हणत नाही. मार्बल कटर दगड आणि टाइल कापायला केलेला आहे. फेरे १२ हजारांच्या वर. तुम्ही लावलेल्या लाकडाच्या पात्यावर जास्तीत जास्त किती फेरे चालतील ते छापलेलं असतं, ते कधी वाचलंय का? उलटा बसवला की गार्ड निघाला. पात्यामागे लाकडाची फट उघडी ठेवणारी पाचर नाही, त्यामुळे ओलं किंवा ताणातलं लाकूड पात्याला मागून चावतं आणि फळी उसळून छातीवर येते. आणि बटणाला टेप! आणीबाणीत बंद करायला हात खाली, फिरत्या पात्याच्या शेजारून घालणार?

---

माणदेशी

साहेब, तुमचं बरूबर असंल. पर टेबल सॉला पैका कोण देणार? गावाकडचा सुतार बलुतं सुटून रोजावर आला, त्येला तुमी चाळीस-पन्नास हजाराचं मशीन घे म्हंताय. तो कटरच वापरणार. मग निदान कमी धोक्याचं कसं करायचं ते सांगा, नायतर गप बसा.

---

भुसाभाऊ

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण माझा कल सेफ्टीवाल्यांकडे. हा जुगाड मी माझ्या दुकानात ठेवत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. तरी माणदेशींच्या एका गोष्टीवर बोललं पाहिजे, कारण ती रंध्यालाही लागू आहे. बटण दाबून धरायची टेप, किंवा रंध्याचं लॉकचं बटण, जे चालू बटण दाबलेलंच धरून ठेवतं.

समजा काम चालू असताना लाइट गेली. माणूस म्हणतो चला चहा घेऊ. मशीन तसंच, बटण दाबलेलं. लाइट आली की मशीन आपणहून सुरू. लॉक लावलेला रंधा टेबलावर पडलेला असेल तर तो टेबलावरून चालत सुटतो. शेजारी पोरं असतील तर बघायलाच नको. माणदेशी, तुमच्या विहिरीवरच्या मोटरला स्टार्टर आहे ना? लाइट गेली की त्याचं कॉइल सुटतं आणि मोटर परत हिरवं बटण दाबल्याशिवाय चालू होत नाही. शेतकरी त्यालाच 'ऑटो' बसवतात, रात्री लाइट आली की पाणी सुरू व्हावं म्हणून. पंपाला ते सोयीचं. लाकडाच्या मशीनला उलटं पाहिजे: ऑटो नसलेलं, कॉइलवालं स्विच, पुढच्या बाजूला, गुडघ्याने दाबता येईल असं लाल बटण. टेप काढा आणि हे बसवा. जुगाड सुरक्षित होणार नाही, पण सगळ्यात मूर्खपणाचा धोका जाईल. लाकूड ढकलायला हात नको, लाकडाचा खाचवाला दांडका घ्या. आणि पातं साफ करायचं असेल तर कटर आधी प्लायखालून सोडवा. खाली वाकून, अंधारात, चाचपत पातं पुसणं नको.

रंध्याचं म्हणाल तर: लाइट गेली की आधी लॉक सोडा, मग पिन काढा, मग चहा.

---

माणदेशी

स्टार्टरचं डोसक्यात आलं. पंपाचा जुना स्टार्टर अडगळीत पडलाय. चालंल का?

---

वायरमन_मिरज

तुमचा पंप थ्री-फेज असणार. त्या स्टार्टरचं कॉइल बहुतेक ४१५ व्होल्टचं, आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट झाला की मोटर तोडणारा) पंपाच्या अँपिअरवर लावलेला. कटरला तो ट्रिपच होणार नाही. सिंगल फेजचं, २३० व्होल्ट कॉइलचं छोटं पुशबटण स्विच वेगळं मिळतं, ते घ्या. जोडणी वायरमनकडून करून घ्या, यूट्यूब बघून नको.

आणि वायरीवर आलोच आहे तर एक्स्टेन्शन. आमच्याकडे येणाऱ्या जळक्या आर्मेचरांत निम्मा दोष वायरीचा असतो. लांबलचक, केसासारखी बारीक वायर, त्यात गावाकडचा व्होल्टेज आधीच पडलेला. मोटर मंदावते, पंखा त्याच दांड्यावर असतो म्हणून तोही मंदावतो, हवा कमी, आणि माणूस 'कापत नाही' म्हणून आणखी जोर लावतो. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, आणि गुंडाळी पूर्ण सोडून मगच वापरा. गुंडाळलेली वायर स्वतःच तापते. जड काम झाल्यावर रंधा एकदम बंद न करता अर्धा-एक मिनिट रिकामा चालू द्या, आतली उष्णता निघते.

काही जण विचारतात, माझ्या रंध्याला दोनच पिना, अर्थिंग नाही, चालेल का? नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे, दोनच वायरी बरोबर. धातूच्या अंगाचं जुनं मशीन तीन वायरींचं असेल तर मात्र तिसरी कापून दोन पिनी लावायचा उद्योग करू नका. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं स्विच) असेल तर उत्तम.

---

वाईकर

आमच्याकडचा प्रश्न वेगळा. वाईत आणि आसपास जुने वाडे उतरवले जातात, त्यातला साग सोन्याच्या भावाने विकला जातो. त्या तुळयांत खिळे, बिजागऱ्यांचे तुकडे, काय काय निघतं. पात्याची एक फेरी आणि दाते पडले. परत सागात आपलं आपणच सिलिका असतं, त्याने नुसती धारही लवकर जाते.

---

भुसाभाऊ

वाड्याच्या लाकडाला रंधा लावण्याआधी लोखंडी ब्रशने धूळ-माती काढा, मग चुंबक फिरवा. दोरीला बांधलेला जुन्या स्पीकरचा चुंबकही चालतो. खोल गेलेल्या खिळ्याचा पत्ता लाकडावरच्या काळ्या-निळ्या डागावरून लागतो, सागाच्या आणि बाभळीच्या लाकडात लोखंड गंजलं की भोवती काळं कडं पडतं. पितळी आणि तांब्याची चूक, म्हणजे बारीक खिळा, चुंबकाला सापडत नाही, तिथे डोळाच. हे सगळं करून पहिला हात साध्या हातरंध्याने मारा, इलेक्ट्रिक नंतर. हातरंध्याचं पातं दगडावर घासून परत उभं करता येतं.

खिळ्याची ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर ती आत धुमसत राहते. वाड्याचं लाकूड तासलं त्या दिवशी पिशवी दुकानात ठेवून कुलूप लावू नका, बाहेर रिकामी करा.

---

तंबोरा

मिरजेचं कुणी असेल तर, असं वर म्हटलंय, म्हणून आलो. मी स्वतः वाद्य बनवत नाही, पण सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी लहानाचा मोठा झालो आणि पॉलिशचं थोडं काम करतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरची पोरं बघायला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, मशीन कुठाय. तुनाच्या लाकडाची दांडी आणि मंगळवेढ्याकडचा भोपळा, यात मशीनचं काम थोडं. जे आहे ते मात्र जिवापाड जपतात.

सिलिकॉनचं असं आहे. स्प्रेमधलं सिलिकॉन रंध्याच्या तळावरून लाकडाला लागतं आणि लाकडात मुरतं. चपडा-स्पिरिटचं पॉलिश त्यावर धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खळगे पडतात. घासून परत पॉलिश केलं तरी तिथेच परत. म्हणून आमच्याकडे मेण, नाहीतर काहीच नाही.

दुसरी गोष्ट फडक्यांची. जवसाचं तेल लावलेलं फडकं गोळा करून भुशाच्या ढिगावर टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा केलेल्या फडक्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि ते आपोआप पेट घेतं. काडी लागत नाही. दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

---

सौ_पटाशी (विश्रामबाग)

हे फडक्याचं मला माहीतच नव्हतं, आत्ताच व्हरांड्यातला बोळा उचलून पसरला. मोज्यांचा निकालही लागला, नवरा हा धागा वाचून गप्प आहे. मास्क कोणता घ्यावा? मी ओढणी बांधते.

---

सेफ्टीवाला (कुपवाड)

ओढणी काढा, दोन कारणांनी. एक वर सांगून झालंय. दुसरं, ती बारीक भुसा थांबवत नाही. डोळ्यांना दिसतो तो भुसा नाकात अडकतो, न दिसणारा फुप्फुसात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकलीय, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत. मुख्यतः नाकाचा आणि सायनसचा. एन९५ घ्या, नाकावरची पट्टी दाबून नीट बसवा. साफसफाई करताना मास्क जास्त गरजेचा, कारण बसलेली बारीक धूळ तेव्हाच उठते. खराट्याने झाडण्यापेक्षा व्हॅक्यूम, नसेल तर ओलं फडकं. शिसम आणि साग यांची धूळ काहींच्या कातडीला खाज आणते, काम झाल्यावर हात-मान धुवून मग जेवायला बसा.

---

कृष्णाकाठ

माझा प्रश्न कुणी हसू नका. आमचं दुकान सांगलीत मारुती चौकाजवळ. २०१९ ला कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५, आणि दुकानात काय राहिलं ते सांगायला नको. २०२१ ला परत. दोन रंधे, एक ड्रिल, एक बॅटरीचं मशीन अजून पोत्यात बांधून माळ्यावर आहेत, टाकवत नाहीत. त्यातलं काही जिवंत होईल का? आणि पुन्हा पाणी आलं तर पहिल्या दिवशी काय करायचं?

---

वायरमन_मिरज

हसण्यासारखं काही नाही, दोन्ही वर्षी आमच्या दुकानासमोर मशिनांची रांग होती.

बॅटरीच्या मशीनची बॅटरी आधी वेगळी करा. बुडालेली लिथियम बॅटरी कितीही वाळवली तरी चार्जरला लावायची नाही, आत गंज चढून शॉर्ट होते आणि पेटते. घरातही ठेवू नका, ई-कचऱ्यात द्या. माळ्यावर, पोत्यात, तीही इतकी वर्षं? आजच खाली आणा.

रंधे आणि ड्रिल. पिन लावून 'चालतंय का बघू' हे करू नका. वायंडिंगमध्ये कृष्णेचा गाळ असतो, गाळ ओल धरून ठेवतो आणि वीज वाहून नेतो. पूर्ण उघडा. स्वच्छ पाण्याने गाळ धुवा. हो, पाण्यानेच, वाळलेला गाळ हवेने निघत नाही. बेअरिंग, कार्बन, ड्रमचा पट्टा सरळ टाकून द्या. आर्मेचर आणि फिल्ड (मोटरचं न फिरणारं वायंडिंग) सावलीत चांगले वाळवून आमच्यासारख्याकडे आणा. आम्ही ५०० व्होल्टच्या मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशन बघतो. एक मेगोहमच्या खाली दाखवलं तर चालू करायचं नाही. चांगलं मशीन त्याच्या कितीतरी वर दाखवतं. खाली असेल तर भट्टीत वाळवून, वार्निश पाजून परत बघतो. इतक्या वर्षांनी कॉम्युटेटरच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला असणार, त्यामुळे आर्मेचरची आशा थोडी ठेवा. फिल्ड कधी कधी वाचतं. स्विच नवाच घाला, तो वाचवण्यात अर्थ नाही.

खर्चाचा हिशोब आधी करा. आर्मेचर, बेअरिंग, स्विच मिळून नव्या रंध्याच्या निम्म्याच्या वर गेलं तर नवा घ्या. मी दुकानदार असूनही हेच सांगतो.

परत पाणी आलं तर: आयर्विनला ४० फूट झाले की इशारा मिळतो, तेव्हाच मशिनं वरच्या मजल्यावर. ४५ ची वाट बघू नका. बुडालंच तर पाणी उतरल्याबरोबर, गाळ वाळायच्या आत धुवा. पहिल्या दिवशी धुतलेलं आणि पंधरवड्याने आलेलं, यात फार फरक पडतो.

---

कृष्णाकाठ

बॅटरी खाली आणली. फुगलेली आहे.

---

वायरमन_मिरज

दाबू नका, भोक पाडू नका, गच्चीवर वाळूच्या बादलीत ठेवा आणि उद्या देऊन टाका.

---

अजिंक्यतारा_७७

पावसाळ्यात पेटीत काय ठेवता? मी कापूर ठेवतो, आजोबा ठेवायचे. उपयोग होतो की नुसताच वास?

---

भुसाभाऊ

कापराच्या वाफेचा पातळ थर धातूवर बसतो असं म्हणतात, आणि जुने सुतार ठेवत आलेत. ठेवा, पण भरवसा तेलावर. पाती काढून तेलाचा हात, मेणकागदात गुंडाळी, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. मेढ्याकडे किंवा कोयनेच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी पेटी जमिनीवर ठेवू नये आणि भिंतीला टेकवूही नये. रंधा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, आतली ओल आतच.

---

अजिंक्यतारा_७७

काल तुमचं वाचून रंधा उघडला. कार्बन रेघेच्या बरेच वर आहेत, ठिणग्या निळ्याच, म्हणजे ठीक. पण पट्ट्याचं झाकण काढलं तर आत भुशाचा लगदा आणि पट्ट्याच्या खाचांना बारीक तडे. पट्ट्याला काही लावायचं असतं का? आणि दुकानात मागायचा कसा, मॉडेल नंबर घासून गेलाय.

---

भुसाभाऊ

काही लावायचं नाही. तेल, ग्रीस, पावडर, काहीच नाही, घसरेल. कोरड्या ब्रशने पुलीच्या खाचा साफ करा. तडे गेलेत तर पट्टा बदलाच, तुटला की मोटर नुसतीच किंचाळते आणि ड्रम थांबतो, धोका नाही पण काम अडतं. मॉडेल नंबर नसेल तर पट्ट्याच्या पाठीवर छापलेला नंबर बघा. तोही गेला असेल तर पट्टा सोबत घेऊन जा, आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या उभ्या खाचा मोजून सांगा; लांबी सारखी आणि खाचा कमी असा पट्टा बसतो पण टिकत नाही. नवा चढवताना एका पुलीवर आधी अडकवून, दुसरी पुली हाताने फिरवत फिरवत चढवायचा. स्क्रूड्रायव्हरने ओढून चढवू नका, कडा फाटते.

पिन कुठाय, ते बघा आधी.

---

अजिंक्यतारा_७७

टेबलावर, समोर.